पॅच माझ्याकडे लागतो, समोरच्याकडे नाही: लिबव्हर्टवर काम करणाऱ्यांसाठी समस्या निवारण

लक्षणं

लिबव्हर्ट हे व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात बदल सुचवायचा तर पॅच, म्हणजे कोडमधला फरक लिहिलेली फाइल, मेलनं पाठवायची. खालीलपैकी एक जरी तुमच्या बाबतीत घडत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- समोरून उत्तर येतं, "मास्टरवर लागत नाही, रिबेस करून पाठवा." तुमच्या लॅपटॉपवर मात्र तोच पॅच एका फटक्यात लागतो. (मास्टर म्हणजे प्रकल्पाची मुख्य शाखा, रिबेस म्हणजे आपले बदल तिच्या ताज्या टोकावर पुन्हा रचणं.)
- मेलमधला पॅच लावणारी आज्ञा गिट एएम "करप्ट पॅच ॲट लाइन अमुक" म्हणून थांबतं.
- थ्री-वे (फाइलचं मूळ रूप शोधून मर्ज करायचा) पर्याय दिला तरी "रिपॉझिटरी लॅक्स नेसेसरी ब्लॉब्ज" असा संदेश येतो.
- तुमच्याकडे सगळ्या चाचण्या हिरव्या, सीआयमध्ये (प्रकल्पाच्या आपोआप तपासणाऱ्या मशीनवर) लाल.
- पाच पॅचची मालिका पूर्ण लावली तर बिल्ड होतं, पण तिसऱ्यावर थांबलं तर कंपाइलसुद्धा होत नाही.
- नवी एक्सएमएल सेटिंग व्हर्श एडिटमध्ये (मशीनची व्याख्या बदलायच्या आज्ञेत) लिहिली, सेव्ह केली, पुन्हा उघडलं तर गायब.
- पॅच पाठवून दोन आठवडे झाले, कोणाचंच उत्तर नाही.

नागपुरात लिबव्हर्टवर हात बसवणारी बरीच मुलं-मुली माझ्या ओळखीची आहेत. कोणी हिंगणा रोडच्या कॉलेजात आहे, कोणी मिहानमध्ये नोकरीला. संध्याकाळी फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "दादा, माझ्याकडं तर लागून राहिला, तिकडं काऊन नाही लागत?" वर्षानुवर्षं हेच दुरुस्त करत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. असे पॅच परत येतात ते तर्क चुकला म्हणून फार क्वचित. तुमच्या संगणकावर असं काहीतरी असतं जे समोरच्याकडे नाही, किंवा समोरच्याकडे असं काहीतरी असतं जे तुमच्याकडे नाही. पुढची प्रत्येक तपासणी हा एकच फरक शोधते. फुकटातल्या आधी, वेळखाऊ नंतर.

आधी संदेश पूर्ण वाचा

याला एक मिनिट लागतं. गिट एएमचे वेगवेगळे संदेश वेगवेगळे आजार सांगतात, पण घाईत सगळ्यांना "लागत नाही" म्हटलं जातं.

"डझ नॉट मॅच इंडेक्स" आलं तर पॅचचा दोष नाही, तुमच्या झाडात, म्हणजे कामाच्या फोल्डरमध्ये, कमिट (गिटमध्ये नोंद) न केलेले बदल पडून आहेत. गिट स्टेटस बघा आणि बदल स्टॅश करा, म्हणजे बाजूला ठेवा. "प्रीव्हियस रिबेस डिरेक्टरी स्टिल एक्झिस्ट्स" आलं तर मागचं एएम अर्धवट सोडलं आहे. गिट एएम ॲबॉर्ट करा आणि नव्यानं सुरू करा. "करप्ट पॅच" म्हणजे फाइल वाटेत मोडली. "पॅच डझ नॉट अप्लाय" म्हणजे फाइल धड आहे, पण जिथे बसायची तिथला मजकूर बदलला आहे. शेवटच्या दोघांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसलात तर संध्याकाळ गेली.

उन्हाळ्यात एक जादा गोष्ट बघा. वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी आधीच थकलेली असेल, तर कमिट करताना मशीन बंद पडून गिटच्या ऑब्जेक्ट फाइल रिकाम्या राहू शकतात. "ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी" दिसलं की गिट एफएससीके (साठा तपासणारी आज्ञा) चालवा. जे कमिट शाबूत आहेत ते फॉरमॅट-पॅचने (कमिटची पॅच फाइल काढणाऱ्या आज्ञेनं) बाहेर काढून ठेवा आणि नवीन क्लोन, म्हणजे साठ्याची ताजी प्रत, घ्या. मोडक्या रिपॉझिटरीत डागडुजी करत बसू नका.

फाइल वाटेत मोडली का?

पॅचमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर दोन ॲट चिन्हांमध्ये आकडे असतात, उदाहरणार्थ उणे १२,७ अधिक १२,९. अर्थ असा की जुन्या फाइलच्या १२व्या ओळीपासूनच्या ७ ओळींच्या जागी नव्या फाइलच्या ९ ओळी येणार. गिट या ओळी मोजतं. मेलच्या प्रोग्रामने लांब ओळ तोडून दोन केल्या की मोजणी चुकते आणि फाइल करप्ट ठरते. संदर्भाच्या, म्हणजे न बदललेल्या, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडलेली असते. कॉपी-पेस्टमध्ये ती जागा गळली तरी तेच होतं. पॅच फाइल एडिटरमध्ये उघडून "एकच ओळ हातानं वाढवली किंवा काढली" तरी मोजणी बिघडते. सुधारणा कमिटमध्ये करा आणि फाइल नव्यानं काढा.

म्हणून पॅच कधीही वेबमेलच्या खिडकीत चिकटवू नका, चॅटवर तर मुळीच नाही. गिट सेंड-ईमेल किंवा गिट-पब्लिश वापरा. विंडोजवर काम करणाऱ्यांनी ओळींचे शेवट बघावेत. सीआरएलएफ (विंडोजचा ओळ-शेवट) घुसलं असेल तर नजरेला काहीच दिसत नाही, पण ओळी जुळेनाशा होऊ शकतात.

तपासायचं कसं? पॅच आधी स्वतःलाच मेल करा. आलेला मेल फाइल म्हणून उतरवा आणि त्याच फाइलवर गिट एएम चालवा. डिस्कवरची मूळ फाइल वापरून काही सिद्ध होत नाही, कारण ती वाटेतून गेलेलीच नसते.

बेस कोणता? इथे सर्वात जास्त वेळ द्या

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच मिटतो.

लिबव्हर्टचं रिलीज जवळजवळ दर महिन्याला, साधारण एक तारखेच्या आसपास येतं. म्हणजे मास्टर सतत पुढे सरकत असतो. परीक्षा संपल्यावर मार्चमधल्या क्लोनवर मे महिन्यात पॅच लिहिला, तर तो जुन्या घराच्या नकाशावर नवी भिंत काढल्यासारखा होतो. पाठवण्याआधी ओरिजिनवरून, म्हणजे मूळ साठ्यावरून, फेच करा, मास्टरवर रिबेस करा, पुन्हा बिल्ड करा. हे कितीही घाई असली तरी त्याच दिवशी करा. आदल्या आठवड्यातला रिबेस धरू नका.

आता तो "ब्लॉब्ज" वाला संदेश. ब्लॉब म्हणजे गिटनं साठवलेलं फाइलचं एक रूप. पॅचमध्ये इंडेक्सची एक ओळ असते. तिच्यात फाइलच्या आधीच्या आणि नंतरच्या रूपाचे छोटे हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख) असतात. थ्री-वे लावताना गिट त्या आधीच्या रूपाचा हॅश समोरच्याच्या रिपॉझिटरीत शोधतं, तिथून तात्पुरता बेस उभा करतं आणि मग मर्ज करतं. तो हॅश तिथे नसेल तर थ्री-वे करता येत नाही. हॅश नाही याचा अर्थ काय? तुमचा पॅच अशा फाइलवर उभा आहे जी अपस्ट्रीममध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ साठ्यात, कधीच नव्हती. पॅचच्या खाली तुमचा एखादा खासगी कमिट दडलेला आहे. कधी डीबगसाठी घातलेली छापील ओळ असते, कधी आधीचा अजून न स्वीकारलेला पॅच. तुमच्याकडे लागतो, कारण तो कमिट तुमच्याकडे आहे.

हे पकडायला स्वच्छ क्लोन हवा, आणि इथे हुशार मुलंही फसतात. गिट वर्कट्री वेगळा फोल्डर देतं, पण ऑब्जेक्टचा साठा तोच राहतो. आपल्याच डिस्कवरच्या फोल्डरचा क्लोन घेतला तरी खासगी ऑब्जेक्ट सोबत येतात. दोन्हीकडे तो हरवलेला हॅश सापडतो आणि सगळं ठीक वाटतं. क्लोन थेट अपस्ट्रीमकडून घ्या, एकदाच घ्या आणि तो फक्त याच कामासाठी ठेवा. तिथे पॅच थ्री-वे न देता साधा लावून बघा. साधा लागला तर समोरच्याकडेही लागेल.

मालिका काढताना फॉरमॅट-पॅचला बेस-ऑटो सांगा. तळाशी बेस-कमिटची ओळ येते आणि वाचणाऱ्याला नेमकं कुठे उभं राहायचं ते कळतं. तुमचा पॅच दुसऱ्या न स्वीकारलेल्या पॅचवर खरोखरच अवलंबून असेल, तर मालिकेच्या पहिल्या पत्रात ते स्पष्ट लिहा.

सही आणि शिस्त

साइन्ड-ऑफ-बायची ओळ नसेल तर पॅच घेतला जात नाही. ती ओळ म्हणजे हा कोड या परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही स्वतःच्या नावानं दिलेलं प्रमाण आहे. कमिट करताना उणे एस (लहान एस) द्या. मालिकेत राहून गेली असेल तर रिबेसचा साइनऑफ पर्याय आहे. इंडेंट चार जागांचा, टॅब नाही. गिट डिफ चेक ओळीच्या शेवटची मोकळी जागा दाखवतं. यापुढचं सगळं सिंटॅक्स-चेक ही कोडच्या शैलीची तपासणी बघते.

हिरव्या चाचण्या खरंच चालल्या का?

लिबव्हर्ट मेसन आणि निंजा या बिल्डच्या साधनांवर बिल्ड होतं. मेसन टेस्टनं शेवटी "फेल शून्य" दाखवलं की मंडळी खूश होतात. पण शून्य फेल आणि सगळं तपासलं यांत फरक आहे.

सिंटॅक्स-चेकमधला प्रीप्रोसेसरच्या इंडेंटचा नियम सीपीपीआय नावाचं छोटं साधन वापरतो. ते तुमच्याकडे नसेल तर नियम गुपचूप वगळला जातो आणि निकाल पास दिसतो. रिमोट प्रोटोकॉलची (क्लायंट आणि लिबव्हर्टच्या सर्व्हरमधल्या संवादाची) रचना बदलली का हे बघणारी चाचणी पीडीडब्ल्यूटॅग्ज मागते. ते ड्वार्व्ह्ज पॅकेजमध्ये येतं. ते नसेल तर ती चाचणी यादीतच येत नाही. सीआयच्या मशीनवर ही साधनं असतात, म्हणून तिथे लाल दिसतं. सेटअपच्या वेळी मेसन जी लांबलचक यादी छापतं, त्यात "नो" लिहिलेल्या ओळी वाचा. पॅकेज टाकायला पाच मिनिटं लागतात.

टारबॉलवरून (रिलीजच्या बांधलेल्या फाइलवरून) बिल्ड करत असाल तर थांबवा. गिटच्या झाडातून बिल्ड केलं तर लिबव्हर्ट कंपायलरच्या इशाऱ्यांना चूक मानतं, टारबॉलमधून केलं तर मानत नाही. तुमच्याकडे नुसता इशारा येऊन सरकून जातो, रिव्ह्यूअरकडे बिल्ड थांबतं. शक्य असेल तर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरनी बिल्ड करा. सीआय अनेक लिनक्स वितरणांवर आणि विंडोजसाठी मिंगडब्ल्यूवरही बिल्ड करतं. आपल्या उबुंटूवर चाललं एवढं पुरत नाही.

उलट प्रकारही घडतो, तुमच्याकडे लाल आणि सीआयमध्ये हिरवं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉपसुद्धा तापून वेग कमी करतो. मेसनची चाचणी ठरलेल्या वेळेत संपली नाही तर ती टाइमआउट होते. वेगळं काही सांगितलं नसेल तर ही मर्यादा ३० सेकंद असते. निकालात "टाइमआउट" आणि "फेल" हे शब्द वेगळे असतात, तेवढं बघा. टाइमआउट असेल तर मेसन टेस्टला टाइमआउटचा गुणक द्या, एकावेळी चालणाऱ्या चाचण्या कमी करा किंवा पहाटे चालवा. कोडला हात लावू नका. ८ जीबी मेमरीच्या मशीनवर निंजालाही कमी कामं एका वेळी द्या.

प्रत्येक पॅच स्वतःच्या पायावर उभा हवा

मालिकेतला प्रत्येक कमिट बिल्ड झाला पाहिजे आणि चाचण्या पास झाल्या पाहिजेत. कारण सरळ आहे. पुढे कधी कोणी बग शोधायला गिट बायसेक्ट चालवेल, तेव्हा ते तुमच्या मालिकेच्या मधोमध थांबू शकतं. तिथे कंपाइल झालं नाही तर त्याचा शोध अडतो.

रिबेसला एक्झेक पर्याय देऊन बिल्ड आणि टेस्टचा हुकूम द्या. ते प्रत्येक कमिटवर थांबून तपासतं. वेळ लागतो, म्हणून ही तपासणी इतकी खाली ठेवली आहे. कोड हलवणं आणि कोड बदलणं एका कमिटमध्ये करू नका. आधी फंक्शन जसंच्या तसं दुसऱ्या फाइलमध्ये न्या, नंतरच्या कमिटमध्ये बदला. वाचणाऱ्याला दोनशे हललेल्या ओळींमधून बदललेल्या तीन ओळी शोधायला लावणं अन्यायाचं आहे.

दुसरी आवृत्ती पाठवताना गिट रेंज-डिफनं जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून बघा. सांगितलेली सुधारणा चुकून भलत्याच कमिटमध्ये गेली असेल तर इथे लगेच दिसतं.

सेटिंग गायब होते: एक्सएमएलच्या चार जागा

आता दुखणं कोडमध्ये शिरतं. डोमेनच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, एक्सएमएलमध्ये नवा गुणधर्म घातला तर चार जागी हात लागतो: वाचणारं फंक्शन, परत लिहून काढणारं फंक्शन, स्कीमा (वैध एक्सएमएलचे नियम) आणि फॉरमॅटडोमेन या दस्तऐवजाची आरएसटी फाइल. नवखी मुलं पहिलं लिहितात, कारण मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या कमांडलाइनवर परिणाम लगेच दिसतो. दुसरं राहून गेलं की सेटिंग मेमरीत असते, पण लिबव्हर्ट व्याख्या डिस्कवर लिहितं तेव्हा ती गळते. स्कीमा राहिला तर व्हर्श एडिट एक्सएमएल वैध नसल्याची तक्रार करतं.

पाहुण्या (व्हर्च्युअल) मशीनला दिसणारं काही बदलत असेल तर एबीआय स्थिरतेची, म्हणजे पाहुण्याला दिसणारं हार्डवेअर तेच राहतं ना याची, तपासणीही वाढवावी लागते. नाहीतर लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू मशीन दुसऱ्या यजमानावर नेताना) एका बाजूला एक हार्डवेअर आणि दुसऱ्या बाजूला भलतंच असं होऊ शकतं.

चाचणीसाठी क्यूईएमयूएक्सएमएलकॉन्फटेस्टमध्ये नमुना घाला. अपेक्षित फाइल हातानं लिहायची गरज नाही. व्हीआयआर_टेस्ट_रिजनरेट_आउटपुट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून चालवलं की ती तयार होते. पण ते जे निघेल तेच बरोबर मानतं, म्हणून निघालेला डिफ ओळ न् ओळ वाचा. नावात "लेटेस्ट" असलेल्या अपेक्षित फाइल अपस्ट्रीमला ज्ञात असलेल्या सर्वात नव्या क्यूईएमयूच्या क्षमतांवर ठरतात. कोणी नव्या क्यूईएमयूची माहिती मास्टरवर घातली की त्या बदलू शकतात. तुमचा सी कोड नीट लागतो आणि या फाइलींवर संघर्ष येतो. रिबेस करा, पुन्हा तयार करा, पुन्हा वाचा.

नवा सार्वजनिक एपीआय असेल तर आवृत्तीचा क्रमांकही बघा. सिंबॉलच्या यादीत आणि दस्तऐवजात "या आवृत्तीपासून" असं लिहावं लागतं. पॅच रिव्ह्यूत असताना रिलीज होऊन गेलं तर तो आकडा चुकीचा ठरतो. रिमोट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक प्रोसीजरला पुढचा क्रमांक मिळतो. दुसऱ्या कोणाचा एपीआय आधी शिरला तर तुमचा क्रमांक एकानं सरकवा. आधीच्या क्रमांकांना हात लावायचा नाही.

तुम्ही रिव्ह्यू करत असाल तर

आपल्या इथली मुलं पॅच लिहायला पुढे येतात, रिव्ह्यूला कचरतात. तसं करू नका. दुसऱ्याचा पॅच स्वच्छ क्लोनवर लावून बघणं हा वर लिहिलेलं सगळं शिकायचा सर्वात जवळचा रस्ता आहे.

आधी कमिटचा संदेश वाचा आणि त्यात "का" लिहिलं आहे का ते बघा. दुरुस्तीसोबत चाचणी आली असेल तर सोर्समधला बदल मागे घ्या आणि फक्त चाचणी चालवा. ती फेल झाली पाहिजे. दुरुस्तीशिवायही पास होत असेल तर ती काहीच तपासत नाही. नव्या एपीआयला परवानगीची तपासणी आहे का हे विचारा. २०१९ मधला सीव्हीई-२०१९-१०१६१ हा नोंदवलेला सुरक्षेचा दोष इथलाच होता. सेव्ह केलेल्या इमेजचं एक्सएमएल देणारा एपीआय फक्त-वाचन जोडणीलाही खुला होता. ती जोडणी हवा तो पाथ देऊ शकत होती आणि लिबव्हर्टडी ही लिबव्हर्टची पार्श्वसेवा आपल्या अधिकारानं तो उघडत होती.

रिव्ह्यूड-बाय तेव्हाच द्या जेव्हा प्रत्येक ओळ वाचली असेल. फक्त चालवून बघितलं असेल तर टेस्टेड-बाय द्या. त्यालाही किंमत आहे.

उत्तर येत नाही

बरेच मेंटेनर (पॅच तपासून स्वीकारणारे) युरोपात आहेत. मध्य युरोप आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो, म्हणून आपल्या सकाळी पाठवलेलं ते आपल्या दुपारी बघतात. रिलीजच्या आधी साधारण आठवडाभर फ्रीझ असतो आणि त्या काळात नवी वैशिष्ट्यं घेत नाहीत. आठवडाभर थांबा, मग त्याच धाग्यात नम्र आठवण करा. नवा धागा काढू नका.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

दोष सुरक्षेचा वाटत असेल, म्हणजे पाहुण्या मशीनमधून यजमानावर पोहोचता येत असेल किंवा कमी अधिकाराच्या वापरकर्त्याला जास्त मिळत असेल, तर पॅच उघड्यावर पाठवू नका. कोणा मित्रालाही दाखवू नका. प्रकल्पाची सुरक्षेसाठी खासगी वाट आहे, तिनेच कळवा.

पॅच क्यूईएमयू ड्रायव्हरच्या लॉक, जॉब किंवा मॉनिटरच्या (क्यूईएमयूशी बोलायच्या वाहिनीच्या) आत-बाहेर जाण्याला हात लावत असेल आणि डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडून बसणं) का होतो हे तुम्हाला कागदावर मांडता येत नसेल, तर अंदाजानं लॉक हलवू नका. मॉनिटरमध्ये असताना डोमेनचं लॉक सुटलेलं असतं. बाहेर येईपर्यंत मशीन मेलेलंही असू शकतं. हे त्या भागाच्या मेंटेनरला विचारायचं काम आहे.

तुमचा बिल्ड ऑफिसच्या चालू सर्व्हरवर तपासायची वेळ आली असेल तर तिथेही थांबा. वितरणाच्या लिबव्हर्टवर निंजा इन्स्टॉल करू नका. बिल्डच्या फोल्डरमधली रन ही स्क्रिप्ट वापरा, तीही एखाद्या रिकाम्या व्हीएममध्ये. प्रयोगात कोणाची डिस्क इमेज बिघडली असेल तर तिच्यावर पुढे काहीही लिहू नका आणि डेटा परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडे जा. कंपनीच्या वेळेत लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा, हा प्रश्न असेल तर सहीची ओळ घालण्याआधी कंपनीच्या विधी विभागाचं लेखी उत्तर घ्या.

मेंटेनरला विचारताना पहिल्याच मेलमध्ये एवढं द्या: बेस-कमिट, वितरण आणि कंपायलरची आवृत्ती, मेसनच्या सेटअपचा पूर्ण निकाल, फेल झालेल्या चाचणीचा व्हीआयआर_टेस्ट_डीबग चालू ठेवून घेतलेला लॉग, आणि वरच्यापैकी कोणत्या तपासण्या झाल्या ते.